ताता, तिला सांगा

बसमधून उतरून घराकडे जाणारा चढ अर्धा झाला आणि ताता थांबले. माझे वडील वाटेत कधी थांबत नसत. बेट सोडून सुवा शहरात राहायला येऊन इतकी वर्षं झाली तरी ते वाळूत चालल्यासारखे चालत, पुढे किंचित झुकून, पायाखाली काय आहे याची पर्वा न करता. मागे राहायचो ते आम्ही. त्या दिवशी त्यांच्या हातात बाजारातून आणलेली दालोच्या, म्हणजे अळूच्या जातीच्या कंदांची जुडी होती. तिचे लांब हिरवे देठ रस्त्याला टेकले तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, कारण ताता जुडी कधी टेकू देत नसत. ते मान वर करून उभे होते. "काय झालं?" मी विचारलं. "उतो," ते म्हणाले. शेजारच्या कुंपणातून नीरफणसाची एक फांदी रस्त्यावर आली होती. आमच्या भाषेत नीरफणसाला उतो म्हणतात. मी वर बघितलं. फळं लहान होती, मुठीएवढी, सालीवर चिकाचा एकही ओघळ नव्हता. "अजून वेळ आहे," मी म्हणाले. ताता हसले. "तसं असेल तर बरंच," असं म्हणत त्यांनी मोकळा हात छातीवर ठेवला आणि ते कुंपणाच्या कठड्यावर बसले. त्यांचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. मग मला कळलं. आमच्या भाषेत हृदयालाही उतोच म्हणतात.

त्या दिवसापासून मी त्यांचा श्वास ऐकू लागले. म्हणजे ऐकायचा नाही असं ठरवून ऐकू लागले. आमच्या घरात दोन खोल्यांच्या मधली भिंत फळ्यांची आहे, आणि सकाळी ताता बुटांची नाडी बांधायला वाकले की पलीकडून येणारा आवाज मी चहाचं पाणी उकळत असताना मोजल्यासारखा धरून ठेवायची. तो थांबला की माझा हातही थांबायचा, पुन्हा सुरू झाला की साखर पडायची. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. हृदयावरची सगळी पुस्तकं एका फळीवर आहेत हे मला आधीपासून माहीत होतं, पण त्यातलं एकही मी उघडलं नव्हतं. आता जेवणाच्या सुट्टीत तिथेच उभ्याउभ्या वाचायची. पुस्तकात सगळी चित्रं स्वच्छ होती. कुठल्याच चित्रातल्या माणसाच्या हातात दालोची जुडी नव्हती. वाचून भीती कमी होते असं मला शाळेपासून वाटत आलं होतं. इथं उलट झालं, भीतीला नावं मिळाली, आणि नाव मिळालेली भीती हाक मारल्यासारखी घरी येऊ लागली. आई गेली तेव्हा असं काही झालं नव्हतं. गेल्या वर्षी आई कपडे वाळत घालत होती, तिनं हातातली चादर दोरीवर टाकली, सारखी केली, आणि ती खाली बसली. एवढंच. तेव्हा कुणी आम्हाला काही विचारलं नाही. तिच्या जाण्यात आमचं मत कुणाला नको होतं. दुःख होतं, पण ते आपल्या जागी होतं. ताताच्या वेळी मात्र सगळेच आम्हाला विचारणार होते, काय करायचं, केव्हा करायचं, आणि मला त्या विचारण्याचीच धास्ती होती. जे घडतं ते सोसता येतं. जे ठरवावं लागतं ते कुठे ठेवायचं?

डॉक्टर नायडू इथल्याच, सुव्यात वाढलेल्या, आमची भाषा आमच्यासारखी बोलणाऱ्या. त्यांनी ताताच्या छातीला नळी लावून बराच वेळ डोळे मिटून ऐकलं, यंत्रातल्या करड्या चित्रात हृदय दाखवलं, आणि तातांना आजोबांना म्हणतात तसं तुकाई म्हणत सांगायला सुरुवात केली. "तुकाई, रक्त हृदयातून बाहेर पडतं तिथं एक झडप असते. तुमची कडक झालीय. तिच्यावर थर चढलेत. प्रवाळ चढतात ना खडकावर, तसे." ताता चित्राकडे बघत म्हणाले, "म्हणजे माझ्यात खडक वाढतोय." "हो, खडकच." "आणि वाट?" "वाट अगदी अरुंद राहिलीय. उतो जोर लावून लावून दमलंय." ताता माझ्याकडे वळले. "बघ उना. मी तेव्हाच सांगत होतो, आणि तू फळं बघत बसलीस." डॉक्टर हसल्या, मीही हसले. पुढचं डॉक्टरांनी हळू सांगितलं. समुद्रापलीकडून शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा एक गट येतो आहे, थोडेच दिवस राहणार आहे, ते तातांना घ्यायला तयार आहेत. छाती उघडावी लागेल. हृदय थांबवावं लागेल, तेवढा वेळ यंत्र त्याचं काम करील, आणि झडप बदलून ते पुन्हा चालू करतील. ताताचं वय आहे, मूत्रपिंडं थकलेली आहेत, धोका लहान नाही. आणि केलं नाही तर? केलं नाही तर हे असंच, थोडे महिने, कदाचित वर्ष, आणि मग एकदम. "एकदम" म्हणताना त्यांनी हात किंचित उघडला, जणू काही सोडून दिलं. "कळलं ना, तुकाई? करायचं?" ताताच्या भुवया वर गेल्या.

आमच्याकडे भुवया वर गेल्या म्हणजे हो. तोंडानं हो म्हणणं हे चर्चमध्ये, लग्नात किंवा पोलिसांसमोर. घरात भुवया पुरतात. जेवलास का, हो. पाऊस येईल का, हो. आईवर तुमचं प्रेम होतं का, असं एकदा तिच्या वर्षदिनाच्या प्रार्थनेआधी मी वेड्यासारखं विचारलं होतं, तेव्हाही भुवयाच. पण डॉक्टर नायडू इथल्याच होत्या. "भुवया नकोत," त्या म्हणाल्या. "तोंडानं सांगा." ताता म्हणाले, "तोंडानं सांगायचं तर मुलगा यायला हवा," आणि विषय संपवून कमरेला गुंडाळलेला सुलू झटकत उठले, नव्या कपड्याला लागलेली वाळू झटकावी तसे.

मुलगा म्हणजे माझा मोठा भाऊ, अपोरोसा, घरात आपो. तो बेटावरच राहिला, शाळेचा मुख्याध्यापक झाला, रविवारी उपदेश करतो. त्याची बायको परदेशात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली आहे. तो बोटीनं आला तेव्हा त्याच्या खांद्यावर चटयांची गुंडाळी आणि हातात समारंभाचं पेय करतात त्या यांगोनाच्या मुळांचा जुडगा होता, ताता आजारी नसून कुठल्या समारंभाला बसलेत असा. मी दारात होते. त्यानं माझ्या पायांकडे बघितलं, मी त्याच्या पिशवीकडे बघितलं, आणि तो आत गेला. आमच्यात बहीणभाऊ मोठे झाले की एकमेकांशी बोलत नाहीत. शहरात हे पुष्कळांनी सोडून दिलं, आमच्या घरानं सोडलं नाही. यात राग नसतो. उलट, बोलण्यानं झिजू नये इतकं मोलाचं काहीतरी मध्ये आहे असं धरून वागायचं असतं. लहानपणी आम्ही दोघं सदान्‌कदा बरोबर असायचो. ओहोटीला खडकावर खेकडे धरायला जायचो, आणि एकदा उशीर झाला, पाणी आमच्या मागून परत यायला लागलं. मी वळून वळून बघायची आणि बघितलं की माझे पाय थांबायचे. आपोनं माझं मनगट धरलं. "उना, मागे बघू नकोस," तो म्हणाला. "पाणी मी बघतो. तू फक्त चाल." त्याची बोटं रुतल्याचे वळ मला संध्याकाळपर्यंत दिसत होते. मग मी न्हातीधुती झाले, आईनं जेवणाच्या चटईवर मला त्याच्यापासून दूर, आपल्या पलीकडे बसवलं, आणि त्या दिवसापासून आमच्यातलं सगळं बोलणं आईच्या अंगावरून जाऊ लागलं. "आई, तिला सांग मीठ दे." "आई, त्याला सांग मीठ त्याच्याच पुढ्यात आहे." आम्ही हाताच्या अंतरावर असायचो, सगळं ऐकू यायचं, तरी आई प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणायची, आणि तिच्या तोंडून ते जरा मऊ होऊन निघायचं. मी शिकायला शहरात जाणार म्हटल्यावर आपो काहीतरी कडू बोलला होता, ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण आई वळून म्हणाली, "तो म्हणतो, जपून जा," आणि आजही मला तेच वाक्य त्याच्या आवाजात आठवतं.

आई गेल्यावर ते काम ताताकडे आलं. तातांना मऊ करता येत नसे. ते निरोप पोचवायचे ते फोडणी घालून. आपो आला त्या दिवशी लिंबाच्या पानांचा चहा आणि पिठाचे तळलेले बाबाकाऊ घेऊन आम्ही तिघं चटईवर बसलो, ताता मध्ये. "ताता, तिला सांगा," आपो म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे देवानं सांगितलं असं नाही." ताता माझ्याकडे वळले. "उना, मुख्याध्यापक म्हणतात की देवाशी त्यांचं रोज बोलणं असतं, डॉक्टरांचं नसतं." "असं मी म्हटलं नाही," आपो म्हणाला. "असं तो म्हणाला नाही म्हणतो," ताता म्हणाले. मी म्हणाले, "ताता, त्याला सांगा, वाट बघत बसलो तर काय होईल ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय." "आपो, ती म्हणते, तू बोटीनं हळूहळू आलास तेवढ्यात मी दोनदा मेलो असतो." आपोच्या ओठाचा कोपरा हलला. तो हसू दाबतोय हे मला न बघता कळलं. लहानपणीही तो हसू आलं की नाकानं श्वास सोडायचा. पण मग तो चटईच्या काठाकडे बघत शांतपणे बोलला, आणि ते तातांना पुन्हा म्हणावं लागलं नाही. त्यांना घरी न्यायचं, तो म्हणाला. बेटावर. आईच्या थडग्याजवळ. अनोळखी माणसांच्या हातात, छाती उघडून, ताता कुठल्या तरी दिव्याखाली जाणार असतील तर ते आपल्याला कसं चालेल? ताता चहा पीत राहिले. कपात फुंकर घालतानासुद्धा त्यांना मध्ये थांबावं लागत होतं.

नंतर, आपो आंघोळीला गेल्यावर, मी ताताच्या गुडघ्याशी बसले. ऑपरेशन करू या ना, मी म्हणाले. मला तुम्ही हवे आहात. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि भुवया वर नेल्या. माझ्या अंगातून इतके दिवस साचलेलं काहीतरी खाली उतरल्यासारखं झालं. मी स्वयंपाकघरात जाऊन कसाव्याची सालं काढत रडले. मला काय माहीत की मी सालं काढत असताना आपो अंग पुसत बाहेर आला होता, त्याच गुडघ्याशी बसला होता, आणि त्यानं विचारलं होतं, घरी जाऊ या ना ताता? एकाच घरात, एका फळीच्या अंतरावर, आम्ही दोघंही आपापला होकार उराशी धरून वावरू लागलो. दोघंही निवांत झालो, दोघंही एकमेकांशी मनातल्या मनात उदार झालो. मी त्याच्यासाठी मासा ठेवला. त्यानं माझी गळकी मोरी दुरुस्त केली. एकमेकांना विचारलं असतं तर एका क्षणात उलगडलं असतं. पण विचारायचं ते ताताच्या मार्फत, आणि ताता त्यावेळी डोळे मिटून पडलेले असायचे.

मग ती दुपार. मी कपडे वाळत घालत होते. आईच्या जाण्यानंतर त्या दोरीखाली उभं राहताना मी नेहमी आधी जमीन बघते. आपो अंगणात पाटावर बसून नारळ खवत होता. ताता पायरीवर, आमच्या दोघांच्या मध्ये. "ताता, तिला सांगा," आपो म्हणाला, "बोट गुरुवारी सुटते. तुमचं सामान बांधायला हवं." माझ्या हातातला चिमटा पडला. कसलं सामान? "ताता, त्याला सांगा," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "बोट पुढच्या महिन्यातही सुटेल. ते डॉक्टर पुन्हा येणार नाहीत." ताता उठून उभे राहिले. निरोप उभं राहून पोचवायची त्यांना काही गरज नव्हती. बहुधा त्यांना आम्हा दोघांना एकदम काही सांगायचं होतं. "आपो," ते म्हणाले, "ती म्हणते," आणि ते पायरीवरून पुढे कोसळले. माझं वाक्य त्यांच्या तोंडात राहिलं.

आपो माझ्या आधी पोचला. ताताचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं. आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या डोक्याला हात लावत नाहीत. डोक्यावरून काही घ्यायचं झालं तरी तिलोऊ म्हणून क्षमा मागतात. "तिलोऊ, तिलोऊ," तो पुटपुटत होता आणि त्यांच्या केसांतली माती झटकत होता. ताताचे डोळे अर्धे उघडे होते आणि त्यांत कुणी नव्हतं. मी पलीकडे गुडघ्यावर बसले. आमची तोंडं इतकी जवळ होती की त्याच्या श्वासाला नारळाचा वास येत होता. आणि आपो ताताच्या त्या रिकाम्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला, "ताता, तिला सांगा, पाय वर धर." मी पाय वर धरले. "ताता," मी म्हणाले, "त्याला सांगा, मान सरळ ठेव." त्यानं मान सरळ केली. "ताता, तिला सांगा, शेजाऱ्यांची गाडी." मी धावले. धावताना माझ्या मनात एकच गोष्ट होती, तीही शब्दांत नव्हती: ताता ऐकत नाहीत आणि तरी आम्ही त्यांच्यातूनच बोलतो आहोत, म्हणजे ते आहेत. जोवर आम्ही त्यांच्यातून बोलतो आहोत तोवर ते आहेत. गाडी मागे घेताना शेजारी काहीतरी विचारत होते आणि मी त्यांना उत्तर न देता तेच घोकत होते.

इस्पितळाच्या वाटेवरच ताता शुद्धीवर आले. पहिलं काय म्हणाले तर, "नारळ झाकलात का? कोंबड्या खातील." डॉक्टर नायडूंनी त्यांना पलंगावर टेकवून बसवलं, नाकाला नळ्या लावल्या, आणि आम्हा दोघांना पलंगाच्या दोन बाजूंना उभं केलं. "आता थांबता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मला काय ते कळायला हवं." "त्यांनी होकार दिलाय," मी म्हणाले. "डॉक्टर," आपो त्याच वेळी म्हणाला, "ताता घरी यायला तयार आहेत. मला स्वतः हो म्हणालेत." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "म्हणाले? की भुवया?" त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "तुकाई, तुम्ही या दोघांनाही हो म्हणालात?" ताताच्या भुवया वर गेल्या. तिथं कुणीतरी हसलं, मग सगळेच हसलो, आपोही, नाकानं. पण हसणं ओसरल्यावर एवढंच उरलं. म्हणजे आतापर्यंत कुणीच काही ठरवलं नव्हतं. "उद्या सकाळपर्यंत," डॉक्टर म्हणाल्या. "तोंडानं."

त्या संध्याकाळी उन्हं खिडकीत होती तेव्हा ताता मला म्हणाले, "उना, तू वाचतेस. एक सांग. उतो थांबवतील म्हणतात." "हो." "पूर्ण?" "पूर्ण. यंत्र असतं, ताता. रक्त फिरत राहतं." "ते कळलं. पण तेवढा वेळ मी कुठे असेन?" ग्रंथालयातली ती सगळी फळी माझ्या डोळ्यांपुढे आली, एकेका पुस्तकाचा कणा, आणि सगळी पुस्तकं बंद. "झोपलेले असाल," मी म्हणाले. "झोपेत उतो चालू असतं," ते म्हणाले. "म्हणून तर माणूस परत येतो. घरात कुणीतरी दिवा लावून बसलेलं असतं ना." त्यांनी माझा हात थोपटला, जणू प्रश्न माझा होता. मी त्यांच्या छातीकडे बघितलं, गाऊनच्या दोन बंदांमध्ये दिसणाऱ्या पांढऱ्या केसांकडे, आणि मला कळलं की तिथं उभा छेद जाणार आहे, आणि कळल्यावर ते मला सोसेना. "नको करू या, ताता," मी म्हणाले. "घरी जा. आपो म्हणतो तेच बरोबर आहे. मी येते बरोबर." मी पाणी आणायला बाहेर गेले. परत आले तेव्हा आपो आत होता, पाठमोरा, आणि त्याचा उपदेश करणारा मोठा आवाज एखाद्या मुलासारखा बारीक झाला होता. "मी बघितलं तुमचं तोंड," तो म्हणत होता. "तुम्ही नव्हता तिथं. पुन्हा ते मला बघवणार नाही. करून टाका, ताता. ती म्हणते ते बरोबर आहे."

"आत ये, उना," ताता ओरडले, म्हणजे ओरडण्याचा प्रयत्न केला. मी आत गेले, पलंगाच्या माझ्या बाजूला उभी राहिले. ताता एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. "काल ती हो म्हणत होती, तू नको. आज तू हो, ती नको. होडी उलटू नये म्हणून बाजू बदलताय का रे?" मला आपोचे पाय दिसत होते, अनवाणी, अंगणातला नारळाचा चोथा अजून बोटांत. "मी दोघांनाही हो म्हणालो," ताता थांबत थांबत म्हणाले, "ते खोटं नव्हतं. घरी तर जायचंच आहे. तुझ्या आईची जागा सारखी करायची आहे, गवत माजलं असेल. पण असा जाऊ? लोकांनी उचलून बोटीतून उतरवलेला? मागच्या रविवारी चर्चमधलं गाणं मला सुरू करता आलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. शेवटी त्या कोपऱ्यातल्या बेसूर बाईनं सुरू केलं." त्यांनी श्वास घेतला. तो पुरेना, पुन्हा घेतला. "मला भीती वाटते. पण खडकात वाट असते. आधी वाट काढू. मग घरी. हो." ते हो त्यांनी तोंडानं म्हटलं, चर्चमध्ये म्हणतात तसं, आणि मग आमचे चेहरे बघून त्यांना राहवेना. "आणि मी काही मरत नाही. मेलो तर तुमचे निरोप कोण पोचवणार? पोस्टात टाकाल?"

त्यांना नेलं त्या सकाळी समुद्र अगदी सपाट होता. ढकलगाडीवर ते लांब दिसत होते, कुणीतरी अंथरलेल्या चटईसारखे. समुद्रापलीकडचे उंच डॉक्टर त्यांच्यावर वाकून काही बोलत होते, परिचारिका डोक्यावरून नळी घेत होती, कुणी टोपी चढवत होतं, आणि प्रत्येकाच्या वतीनं मी मनात तिलोऊ, तिलोऊ म्हणत होते. मग ऐकलं तर डॉक्टर नायडूही टोपीची कड सारखी करताना पुटपुटल्या, "तिलोऊ, तुकाई." आपोनं प्रार्थना केली. ती लांबायला लागली तेव्हा ताता म्हणाले, "थोडी मागे ठेव, येतानाही लागेल." दारापर्यंत मी त्यांच्या उशीशी चालत गेले. "भीती वाटते?" मी विचारलं. भुवया वर गेल्या. टोपीखाली गेल्या, दिसेनाशा झाल्या, आणि दार मिटलं.

बाहेर तीन खुर्च्या होत्या. आपो एका टोकाला बसला, मी दुसऱ्या. मधली तशीच राहिली. मला ते दार बघवेना म्हणून मी माझी खुर्ची फिरवून खिडकीकडे केली. खिडकीतून दूरवर खडकाची पांढरी रेघ दिसत होती, लाटा फुटत होत्या आणि आवाज येत नव्हता. आपोनं त्याची दाराकडे केली. आता आमच्या पाठी एकमेकांकडे होत्या आणि मधल्या खुर्चीवर ताताची पिशवी होती, तिच्यात त्यांचा धुतलेला सुलू, घडी घातलेला. मी त्या पांढऱ्या रेघेकडे बघत ताता आत्ता कुठे असतील याचा विचार करत होते. थांबवलं असेल का? आत्ता? की आत्ता? घरात कुणीतरी दिवा लावून बसायला हवं असं ते म्हणाले होते, आणि मी डोळे मिटायला घाबरत होते, जणू दिवा म्हणजे माझे डोळेच. बऱ्याच वेळानं माझ्या मागून आपोचा आवाज आला. "ताता," तो म्हणाला. मला वाटलं, त्यांना बाहेर आणलं. पण तो पिशवीशी बोलत होता. "ताता, तिला सांगा, काहीतरी खाऊन घे. सकाळपासून पोटात काही नाही." मी पिशवीकडे वळले नाही. "ताता, त्याला सांगा," मी म्हणाले, "त्यानं आणलेली रोटी मी खाल्ली. अर्धी त्याच्यासाठी ठेवलीय." "ताता, तिला सांगा, मोरीचा नळ पुन्हा गळला तर डावीकडे फिरव." "ताता, त्याला सांगा, त्यानं दुरुस्त केल्यापासून गळत नाही." हे असं आम्ही करत राहिलो. कधी एकेक वाक्य, कधी खूप वेळ काहीच नाही. आई असताना, ताता शुद्धीत असताना, आम्ही एकमेकांना इतकं कधीच सांगितलं नव्हतं. त्याची बायको पुढच्या वर्षी परत येणार आहे हे मला त्या खुर्चीकडून कळलं. मी लग्न का केलं नाही हे त्याला त्या खुर्चीकडून कळलं. "ताता, तिला सांगा, तेव्हा मी वाईट बोललो नव्हतो, ती शहरात जाणार म्हणून माझं शाळेत मन लागत नव्हतं एवढंच." "ताता, त्याला सांगा, मला तेच ऐकू आलं होतं." आणि प्रत्येक ताता बरोबर मला वाटत होतं की आत कुठेतरी एक ठोका पडतोय, आम्ही थांबलो तर तोही थांबेल, म्हणून काही सुचलं नाही की मी नुसतीच म्हणायची, "ताता, त्याला सांगा," आणि पुढे काय ते नंतर शोधायची.

भरती सुरू झाली होती. खडकाची रेघ बारीक होत चालली, मग तुटक झाली. मी म्हणाले, "ताता, त्याला सांगा, आपण लहानपणी अशाच खडकावर," आणि थांबले, कारण मागे त्याची खुर्ची करकरली. तो उभा राहिला होता. दाराचा आवाज मला आला नाही. पावलं आली, मऊ तळव्यांची, इस्पितळातल्या चपलांची, आणि ती घाईत नव्हती. मी पिशवीकडे कान लावून वाट बघत राहिले. आता तो म्हणेल, ताता, तिला सांगा. काहीही म्हणेल, पण आधी ताता म्हणेल. त्याचा हात माझ्या मनगटावर आला.

"उना," तो म्हणाला. "मागे बघू नकोस."

पाणी चढत होतं. मी बघितलं नाही.